मालूची स्वतंत्र खाट

कमळाकर पनवेलला एका मिठागराच्या कचेरीत कारकून होता. एका सोमवारी त्याने ठरवलं, की पाच वर्षांच्या मालूला आता वेगळं झोपवायचं म्हणजे झोपवायचंच. त्या दुपारी तो मिठाच्या रजिस्टरवर गाल टेकून घोरत होता, आणि साहेबांनी त्याला उठवून शांतपणे सांगितलं होतं, "पुन्हा झोपलात तर बदली."

बिचाऱ्याचा दोष नव्हता. मालू जन्मली ती एवढीशी, म्हणून त्याच्या बायकोने, चंद्रावतीने, तिला कुशीत घेतलं ते थोडे दिवस म्हणून. त्या थोड्या दिवसांची पाच वर्षं झाली. झोप लागेपर्यंत पोरीच्या मुठीत बापाचा कान हवा आणि झोप लागली की बापाच्या बरगडीत तिची टाच. (डाव्या बरगडीत. उजवीकडे भिंत होती.)

"अवो, लहान हाय अजून," चंद्रावती म्हणाली.

"मी डिसिजन घेतलंय," कमळाकर म्हणाला.

काशीराम सुताराने चार दिवसांत खाट केली. लांबी साडेतीन फूट, चारी बाजूंनी लाकडी गजांचा उंच कठडा. "पोर पडनार नाय, खाट मोडनार नाय," तो म्हणाला. "एक खिला मारला नाय मी. समदा सांध्यात बसवलाय."

रात्री जेवणं झाल्यावर कमळाकरने मालूला खाटेपाशी नेलं. मालूने खाट चहूबाजूंनी पाहिली.

"आधी तुमी झोपून दाखवा, बाबा."

"मी मोठा आहे."

"मग मी बी नाय झोपत."

माघार घेईल तो कमळाकर कसला? त्याने धोतर खोचलं, कठड्यावरून टांग टाकली, आणि गुडघे हनुवटीला लावून कसाबसा आडवा झाला. "बघ, किती छान. आता डोळे मिटायचे," असं म्हणत त्याने स्वतःचे मिटले. कान मोकळा, बरगडी मोकळी. पाच वर्षांत असं सुख त्याला मिळालं नव्हतं.

जाग आली तेव्हा खिडकीतून ऊन आलं होतं. झोपेत ताणून दिलेले दोन्ही पाय गजांमधून मांडीपर्यंत बाहेर गेले होते आणि गुडघे सुजून टम्म झाले होते. पाय मागे येईनात. चंद्रावतीने खोबरेल चोळलं. मग बगलेत हात घालून ओढलं. कमळाकर तेलकट झाला, पण सुटला नाही.

"रात्रीच उठवायचंस ना मला."

"इतके गाढ झोपला व्हता, जीवच नाय झाला उठवायला."

काशीरामला बोलावणं गेलं. तो करवत घेऊन आला, पण खाटेजवळ बसून नुसता गजांवरून हात फिरवत राहिला.

"काप की," कमळाकर म्हणाला. "कचेरीची वेळ झाली."

"कापतो. पन असा सांधा पुन्हा जमंल का नाय, सांगता येत नाय." मग त्याने चंद्रावतीकडे पाहिलं. "वैनी, पाय थोडे बारीक करता येतील का?"

शेवटी अर्ध्या तासाने दोन गज कापले गेले. कमळाकर भिंतीला धरून उभा राहिला. "आज रात्री मालू इथेच झोपेल," तो दात आवळून म्हणाला. "दोन गज गेले म्हणून माझा निश्चय गेला नाही."

करवतीचा आवाज ऐकून शेजारच्या कृष्णाबाई दारात आल्या होत्या. तेलाने निथळणारा कमळाकर पाहून त्यांनी पदर तोंडाला लावला.

"अगो बाय, यांना काय झाला?"

रात्रभर आईच्या कुशीत झोपून ताजीतवानी झालेली मालू पुढे आली. तिने बापाच्या धोतराचा सोगा नीट केला आणि कृष्णाबाईंना हलक्या आवाजात समजावलं,

"हसू नका त्यांना, काकू. आजपासून बाबा एकटे झोपतात. पयलीच रात्र व्हती, हळूहळू होईल सवय."