नकार पाहणारी बाई

सरकार किती सुसंस्कृत आहे, हे ते होकार कसा देते यावरून कळत नाही. होकार काय, कोणीही देतो. खरी परीक्षा नकाराची.

नव्या डिजिटल धोरणात याचा बारकाईने विचार झाला होता. धोरण एकशे बारा पानांचे, आणि त्यात 'मानवी हक्क' हे शब्द एकशे चौदा वेळा आलेले (मलपृष्ठ धरून). अर्ज यंत्र तपासणार, निर्णयही यंत्रच देणार. पण माणसाला नुसत्या यंत्राने नाही म्हणावे, हे माणसाच्या प्रतिष्ठेला शोभणारे नव्हे. म्हणून कलम नऊ: 'प्रत्येक नकार माणसाच्या नजरेखालून गेल्याशिवाय अंतिम होणार नाही.' या कलमावर सभागृहात टाळ्या पडल्या. टाळ्या ओसरल्यावर लक्षात आले, की खात्यात माणूस असे पदच नाही.

पद निर्माण झाले. नाव: माणूस (कंत्राटी). संख्या: एक. पात्रता: नजर चांगली, प्रश्न कमी.

बाईंची नजर चांगली होती. छत्तीस वर्षे कापडगिरणीत ठाण तपासण्यात गेलेली. खालून उजेड सोडलेल्या काचेवरून कापड वाहत यायचे, संथ, पांढरे, न संपणारे. आणि कुठे धागा तुटलेला दिसला की बाई त्यावर बोट ठेवायच्या. बोट ठेवले की ठाण थांबायचे. गिरणी बंद पडली, पण ते बोट काही निवृत्त झाले नाही. चादर झटकता झटकता ते आपसूक उसवलेल्या टाक्यावर जाऊन टेके.

खोलीत एक स्टूल, एक पडदा, आणि पडद्याच्या डोक्यावर बारीकसा कॅमेरा (माणसाने खरोखर पाहिले, याची यंत्राला खात्री पटावी म्हणून). समोर बटण एकच: 'पाहिले'.

"पाहायचं, बाई. वाचायचं नाही," साहेबांनी पहिल्याच दिवशी समजावले. "वाचण्याचं कलम वेगळं आहे. ते यायचंय अजून."

"आणि चूक दिसली तर?"

"चूक पाहायची, आणि 'पाहिले' दाबायचं."

रोज चौदाशे नकार, दर नकारास चार सेकंद. पांढऱ्या काठीसाठी आलेला, दृष्टी गेलेल्या शिंप्याचा अर्ज: फोटो काढताना अर्जदाराने कॅमेऱ्याकडे पाहिले नाही, सबब नामंजूर. पाहिले. चाकाच्या खुर्चीसाठी एका आजीचा: अर्जदार कार्यालयात चालत आली नाही. पाहिले. वर्षअखेरीच्या अहवालात हक्कांचे रक्षण शंभर टक्के झाल्याची नोंद आहे. (एका महिन्यात नव्व्याण्णव. बाईंना सर्दी होती.)

बाईंचा थोरला भाऊ बागेतल्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचा. त्या वाद्याला वरच्या दातांचा टेकू लागतो, आणि दादाचे वरचे दात गेले होते. त्याने कवळीसाठी अर्ज केला होता. महिनाअखेर कवळी आली नाही, तर बँडमधली त्याची खुर्ची दुसऱ्याला जाणार होती. तोवर तो संध्याकाळी क्लॅरिनेट मांडीवर घेऊन नुसती बोटे चालवत बसे.

"काय वाजवतोयस, दादा?"

"ओळख पाहू. तोंड मिटून वाजवलं की एकही सूर चुकत नाही बघ." मग बोटे चालवतच, "माझ्या अर्जाचं काय झालं गं? तू तिथेच असतेस ना?"

"मी नुसती बघते रे."

"मग जरा नीट बघ."

मंगळवारी सकाळी, चहा यायच्या आत, दादाचा नकार पडद्यावर आला. 'अर्जदाराचा चेहरा नोंदीतल्या चेहऱ्याशी जुळत नाही. नोंदीतल्या चेहऱ्यास दात आहेत. अर्जदाराने दातांसह पुन्हा यावे.'

बाईंचे बोट उठले. बटणाकडे नाही गेले. काचेवर गेले आणि 'दातांसह' या शब्दावर टेकले.

चार सेकंद झाले. चाळीस झाले. पडद्याने विचारले, 'माणूस, आपण पाहत आहात का?' कॅमेऱ्याने खात्री करून घेतली. माणूस पाहत होता.

मागे नकारांची रांग लागली. दुपारी साहेब धापा टाकत आले.

"बाई, दाबा ना."

"पाहून झालं नाही अजून."

"किती वेळ लागेल?"

"गिरणीत दोष निघेपर्यंत कापड पुढे सोडत नसत, साहेब."

साहेबांनी धोरण चाळले. किती कमी वेळ पाहावे ते त्यात होते. किती जास्त, ते नव्हते. बाई सहाला घरी जात आणि सकाळी दहाला उरलेले पाहू लागत. बाईंना पुढील नोकरी नाकारण्याचा आदेश त्याच दिवशी निघाला. पण तोही नकारच. यंत्राने तो रीतसर रांगेत लावला, दादाच्या मागे सहाशे बारावा, माणसाने पाहण्यासाठी.

कलम नऊ (ब) कोणाच्या ध्यानात नव्हते: सात दिवसांत न पाहिलेला नकार मंजुरी समजावा. आठव्या दिवशी दादाची कवळी मंजूर झाली. त्याच्यामागे काठ्या, खुर्च्या, कानाची यंत्रे. सहाशे बारावी मंजूर झाली ती बाईंची नोकरी.

रविवारी दादा बागेत वाजवायला बसला. वरच्या सुराला कवळी किंचित वाजायची. आजूबाजूच्यांना तो नवा ताल वाटला.

खात्याने या प्रकाराची गंभीर दखल घेतली. एकट्या माणसावर इतके पाहणे लादणे, हे त्या माणसाच्याच हक्कांना धरून नाही, असा निष्कर्ष निघाला. बाईंना प्रशस्तिपत्र देऊन मोकळे केले आणि पाहण्याचे काम सर्व नागरिकांत समान वाटून टाकले. आता फोनवर काहीही उघडताना जो लांबलचक मजकूर येतो, त्याच्या तळाशी एक नकार जोडलेला असतो. खाली चौकोन: 'मी वाचले आहे, मला मान्य आहे.' चौकोनावर बोट लागले, की तो नकार माणसाने पाहिला.

रांग रोज दुपारच्या आत संपते. नागरिकांचा सरासरी वेळ दीड सेकंद. बाईंना उगाच चार लागत. बाईंचा फोन मात्र तीन महिने झाले, उघडलेला नाही. त्यांचे अजून वाचणे चालू आहे.

आज सकाळी चहा उकळेपर्यंत तुम्ही दोन नकार पाहिलेत. त्यातला एक त्या शिंप्याचा होता. त्याने पुन्हा अर्ज केला होता. खाते तुमचे आभारी आहे.