रंगनाथरावांची थंड हवा

सातपूरच्या रंगनाथरावांना स्वतःला कुणी काहीही बोललेलं चालायचं, पण नाशिकच्या हवेला नावं ठेवलेली अजिबात चालायची नाहीत. पारा चाळिशीपार गेल्याची बातमी आली, की ते म्हणत, "थर्मामीटर उन्हात ठेवला असेल बावळटांनी." त्यामुळे त्यांच्या लेकासाठी, ललितसाठी पाहिलेल्या मुलीच्या, म्हणजे चैतालीच्या वडिलांनी ऐन मे महिन्यात भुसावळहून फोन करून विचारलं, "भाऊ, बाकी सगळं पसंत आहे, फक्त तुमच्याकडची हवा कशी?" तेव्हा त्यांना आकाश ठेंगणं झालं.

"हवा? अहो गोटीरामभाऊ, मे महिन्यात रात्री शाल लागते! पंखे नुसते शोभेला."

पलीकडून आवाज आला, "शाल?"

"शाल! कधीकधी दोन."

"मग रविवारी येऊन बघतोच," गोटीरामभाऊ हळूच म्हणाले. भुसावळचा माणूस पार दिपून गेला, असा रंगनाथरावांनी अर्थ काढला.

घाम फुटला तो ललितला. चैताली त्याच्या मनात भरली होती आणि तिच्याशिवाय दुसरी मुलगी बघायची त्याची तयारी नव्हती. "पप्पा, रविवारी एक्केचाळीस सांगितलंय!"

"सांगू दे. लग्न तुझं व्हायचंय ना? मग मी सांगतो तसं कर."

रविवारी पहाटेपासून गच्चीवर ओली पोती अंथरली गेली. खिडक्यांना वाळ्याचे पडदे लागले. कूलर ढकलत शेजारच्या दीपमालावहिनींकडे नेऊन ठेवला आणि कुणी विचारलंच तर काय बोलायचं, हेही त्यांच्याकडून घोकून घेतलं. पंखे बंद. वर रंगनाथरावांनी डांबरगोळ्यांचा वास मारणारा स्वेटर चढवला. बायको मोहिनी म्हणाली, "अहो, शिजाल त्यात."

"तू आल्याचा चहा टाक. उकळता."

भर दुपारी गाडी दारात थांबली. गोटीरामभाऊ उतरले ते मफलर गुंडाळून. मागून त्यांची बायको नवसाबाई, अंगावर घोंगडी. रंगनाथरावांच्या शब्दावर त्यांचा पूर्ण विश्वास बसला होता. मग बंद पंख्याखाली पाचही जण उकळता चहा फुंकत बसले. यजमान स्वेटर काढेनात म्हणून पाहुणे मफलर सोडेनात. रंगनाथरावांच्या नाकावरून घामाचा थेंब कपात पडला, तो त्यांनी चहाबरोबर पिऊन टाकला.

शेवटी गोटीरामभाऊंनी हात जोडले. "भाऊ, माणसं तुम्ही सोन्यासारखी. पण पोरगी इथं देता येत नाही."

"का हो?"

"तिला थंडी अजिबात सोसत नाही. जरा गारठा लागला की शिंकांवर शिंका, डोळे सुजतात. म्हणून तर हवेचं विचारलं!"

ललितनं बापाकडे असं पाहिलं, की रंगनाथरावांना चटका बसला.

"थंडी?" ते उठले. "कुठंय थंडी? अहो, नाशिक नुसतं तापतंय!"

"आता आमच्यासाठी खोटं बोलू नका. स्वतः स्वेटर घालून बसलात."

रंगनाथरावांनी त्यांचा दंड धरला आणि अनवाणीच गच्चीवर नेलं. "ठेवा पाय! पोळला नाही तर नाव बदलीन!" गोटीरामभाऊंनी ओल्या पोत्यावर पाय ठेवला आणि शहारले. "बाप रे, भर दुपारी एवढी गार फरशी!"

"कूलर! आमच्याकडं कूलर आहे!" रंगनाथराव कठड्यावरून ओरडले. "दीपमालावहिनी, सांगा यांना, कूलर कुणाचा?"

वहिनी अंगणात आल्या. दिल्या शब्दाला जागणारी बाई. त्यांनी पदर कानांवरून घट्ट ओढला आणि घोकलेलं वाक्य खणखणीत म्हटलं, "कूलर? या गारठ्यात कूलर कशाला लागतोय भाऊजी?"

गोटीरामभाऊ मुकाट्यानं जिन्याकडे वळले. त्यांना अडवायला रंगनाथराव धावले, पण दोन पावलांतच डोळे फिरले आणि ते पोत्यांवर आडवे झाले. ललित ओरडत वर आला. मागोमाग दोघी बायका. नवसाबाईंनी त्यांच्या कपाळाला हात लावला, घोंगडी भिरकावली आणि म्हणाल्या, "अहो, यांना तर ऊन लागलंय!"

"ऊन?" गोटीरामभाऊंनी स्वतः नाडी पाहिली, गळ्याला हात लावला. त्यांचा चेहरा उजळला. "खरंच की! चांगलं कडक लागलंय!"

रंगनाथराव शुद्धीवर आले तेव्हा ते खोलीत होते. कूलर परत आला होता, मोहिनी तळपायांना कांदा चोळत होती आणि ललित तिच्या शेजारी उगाचच हसत उभा होता. दाराशी गोटीरामभाऊ कुणाला तरी फोनवर सांगत होते, "ठरलं समजा! हवा लय झकास. धडधाकट माणूस उभ्या उभ्या पडतो! काय सांगू, आपल्या भुसावळलासुद्धा नाय असलं ऊन!"

रंगनाथराव ताडकन उठून बसले. नाशिकबद्दल एवढं वाईट त्यांच्या समोर आजवर कुणी बोललं नव्हतं. त्यांनी तोंड उघडलं, आणि मोहिनीनं त्या उघड्या तोंडाला कैरीच्या पन्ह्याचा पेला लावला.

"गिळा," ती म्हणाली.

ललितकडे बघत त्यांनी ते गिळलं.