वरचा मजला: गुंतवणूकदारांसाठी काही सूचना

माणसे वाढतात, जमीन वाढत नाही. म्हणून जमिनीत घातलेले वाया जात नाही. हे तत्त्व माझे वडील, निवृत्त हवालदार केरबा, यांनी एका मंगळवारी सकाळी अकरा वाजता मला फोनवर एकशे चाळिसाव्यांदा सांगितले. (मोजदाद माझी. मी साताऱ्याला महाविद्यालयाच्या ग्रंथालयात असते. तिथे मोजण्याची सवय लागते.) ते सांगलीजवळ माधवनगरात, आपल्या घराच्या गच्चीवर उभे होते.

"दीपे, रविवारी येताना रिकाम्या बाटल्या आण. दोन लिटरच्या. मागं अर्ध्याच्या आणल्यास, त्या वाऱ्यानं उडाल्या."

"किती?"

"बहात्तर."

"आप्पा, एवढ्या कुठून आणू?"

"सातारा लय मोठं हाय. लोक पाणी पितच असतील की." मग नेहमीचा प्रश्न. "आन् वरच्या मजल्यावर राहायला कवा येतीस?"

"बघू," मी म्हणाले, आणि एक विद्यार्थी समोर उभा होता म्हणून फोन ठेवला.

बुधवारी सकाळी, हातात चहाचा कप असतानाच, आप्पा गेले. नव्या गुंतवणूकदारांसाठी त्यांनी मला वेळोवेळी ज्या सूचना सांगितल्या होत्या, त्या आता मलाच लिहून काढाव्या लागत आहेत.

प्लॉट निवडताना एजंट "स्टँडपासून पाच मिनिटं" म्हणाला, तर वाद घालू नये. त्याला बरोबर घेऊन चालत निघावे. आमचा एजंट छत्तिसाव्या मिनिटाला रस्त्याकडेच्या दगडावर बसला आणि भाव आपोआप उतरला. (ही पद्धत एकूण चार एजंटांवर वापरण्यात आली. पैकी एकाची साखरही उतरली.)

सातबारा, एन.ए.चा आदेश, मोजणीचा नकाशा, सगळे तपासावे. परंतु अंतिम अहवाल शेजारच्या सर्वांत म्हाताऱ्या बाईकडून घ्यावा, कारण तिला काहीही विकायचे नसते. आमच्या बाबतीत ही जबाबदारी रंगुबाईंनी पार पाडली.

"मावशी, पुराचं पाणी हितवर येतं का?" आप्पांनी विचारले.

"आवं, हितं रिक्षा येत न्हाई, पाणी कशाला येतंय?"

आप्पांनी दुसऱ्याच दिवशी विसार दिला.

बांधकामाविषयी एवढेच सांगता येईल की सांगली-सातारा या आमच्या दोन्ही जिल्ह्यांत घर पूर्ण करण्याची पद्धत नाही. घर छतापाशी संपत नाही, खांबांच्या सळयांपाशी थांबते. वरच्या मजल्यासाठी म्हणून त्या तशाच उभ्या ठेवतात. विमानातून पाहिल्यास सगळ्या गावाच्या अंगावर काटा आला आहे असे वाटेल. आमच्या घराला बारा खांब, दर खांबाला सहा सळया. गंजू नयेत म्हणून आप्पा वर्षातून एकदा त्यांना सिमेंटचे पाणी फासत आणि प्रत्येकीवर बाटली उपडी घालत. उन्हाने बाटल्या तडकतात, मग नव्या. हा उपक्रम अकरा वर्षे अखंड चालला. (एवढी निगा आप्पांनी स्वतःच्या गुडघ्यांची घेतली असती, तर ते पोलीस भरतीत धावले असते.)

खालचा अर्धा भाग भाड्यासाठी होता. उमेदवारांची निवड लष्करी शिस्तीने होई. एकतीस जण आले. एकाच्या चपला एकाच बाजूने झिजल्या होत्या. "चाल वाकडी, वागणं वाकडं" म्हणून तो बाद. एकाने भाड्यात घासाघीस केली नाही. ज्याला द्यायचेच नसते तो घासाघीस कशाला करेल, म्हणून तोही बाद. बत्तिसावा फरशी बसवणारा मुजीब. त्याने उंबऱ्यातच वाकून बोटाच्या पेराने फरशी वाजवली.

"चाचा, ही पोकळ बसलीय."

"सामान कवा आणतोस?" आप्पा म्हणाले.

त्यानंतर मुजीबने घरातल्या सगळ्या फरश्या हळूहळू, फुकट, बदलून टाकल्या आणि आप्पांनी नऊ वर्षे भाडे वाढवले नाही. आपण समोरच्याला चांगलेच गंडवले, अशी दोघांचीही खात्री होती. असा परतावा देणाऱ्या योजनेचे नाव मी ग्रंथालयात शोधले. मिळाले नाही.

राहिला वरचा मजला. तो निव्वळ गुंतवणूक आहे, असे आप्पा गल्लीत सर्वांना सांगत. तेराव्यानंतर मी त्यांच्या ट्रंकेतला नकाशा उलगडला. वरच्या मजल्याला वेगळा जिना नाही. वेगळा मीटर नाही. मोठी खोली एकच, आणि तिच्या चारही भिंतींवर पेन्सिलीने लिहिले आहे: "पुस्तकं". गुंतवणूक म्हणून हा मजला सपशेल नापास आहे. चार भिंती पुस्तके असलेला भाडेकरू माधवनगरात मिळत नाही.

परवा मुजीबने विचारले, "ताई, कटरवाला उद्या येतोय. सळया कापून वर पत्रा टाकायचा का? नायतर गंज खांबात उतरंल. एकतर बांधा, न्हाईतर कापा. आज काय ते सांगा."

"बघू" हा शब्द तोंडाशी आला होता. तो गिळला.

शेवटची सूचना वाचकांसाठी. तुमच्याही नावाने कुणीतरी, कुठेतरी, सळया उभ्या ठेवल्या असतील. त्यांना गंज कधी लागतो ते सांगते: तुम्ही "बघू" म्हणून फोन ठेवता, तेव्हा. हे वाचून तुम्ही आज फोन करायचा विचार कराल. मग म्हणाल, बघू.

मी साताऱ्याहून एसटीने दोन पोती बाटल्या आणल्या होत्या. (कंडक्टरने पोत्यांचे अर्धे तिकीट फाडले.) त्याच दुपारी मुजीबला बरोबर घेऊन गच्चीवर गेले आणि एकेक सळई झाकली. एकाहत्तर झाल्या. शेवटची बाटली हातात धरून मी मोठ्याने म्हणाले,

"आप्पा, मला यायचं होतं. पहिल्या वर्षापासून यायचं होतं. मुजीबभाई, कटरवाल्याला नको म्हणा. गवंड्याला बोलवा."