थोरल्या जावयाची सिंगल माल्ट

झोपलेलं मूल पाळण्यात ठेवावं तशी धाकट्या जावयाने ती बाटली काउंटरवर ठेवली आणि म्हणाला, "साडूभाऊ, रविवारपर्यंत ही तुमच्या स्वाधीन. माझ्या घरी पोरं चेंडू मारतील. आप्पांच्या घरी ठेवली तर पंचाहत्तरीची गंमतच जाईल. तुमचं दुकान कसं, थंड आहे, अंधारं आहे, आणि इथं फारसं कुणी येतही नाही."

शेवटचं वाक्य त्याने अगदी सहज उच्चारलं होतं. थोरल्या जावयाच्या काळजात ते बाभळीच्या काट्यासारखं रुतलं. औषधांचं हे दुकान त्याने बावीस वर्षं सांभाळलं होतं. धाकटा इस्पितळांना मोठमोठी यंत्रं विकायचा आणि त्यासाठी देशोदेशी हिंडायचा. म्हटलं तर दोघंही रोग्यांच्याच जिवावर जगणारे. पण सासुरवाडीला थोरला बोलायला लागला की सासरे, म्हणजे आप्पा, पेपर शोधायचे. आणि धाकट्याने तोंड उघडलं की चष्मा काढून, पुढे सरकून ऐकायचे. त्यातून चार वर्षांपूर्वी धाकट्याला सिंगल माल्ट व्हिस्कीचा नाद लागला आणि थोरल्याचं उरलंसुरलं अस्तित्वही संपलं. दर भेटीत एक बाटली, एक कथा, आणि आप्पांचं "वा!"

"माणसाला काहीतरी नाद हवा," थोरल्याची बायको एकदा घरी परतताना म्हणाली होती. "तुम्हाला कसलाच नाही." तो त्यावर तीन दिवस विचार करत राहिला होता. नाद तर खरंच नव्हता.

"मी उघडून गळ्यातली थोडी काढून टाकली आहे," धाकटा सांगत होता. "म्हणजे बाकीची जरा मोकळा श्वास घेते. बूच अलगद बसवलंय. उभीच ठेवा. आडवी करू नका. वीस वर्षं शेरी वाइनच्या पिंपात बसून आलीये बिचारी."

"बावीस वर्षं मीही इथंच बसलोय," थोरला पुटपुटला. धाकट्याच्या ते कानावर गेलं नाही.

दोन दिवस थोरल्याने बाटलीकडे पाहिलं नाही. म्हणजे पाहिलं, पण रागाने. खोकल्याच्या औषधांच्या रांगेत ती एखाद्या परीटघडीच्या पाहुणीसारखी उभी होती आणि बाकीच्या बाटल्या गरीब नातलगांसारख्या दिसत होत्या. शनिवारी दुपारी जेवणाच्या सुट्टीत त्याने दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि स्वतःशीच म्हणाला, "एवढं असतं तरी काय त्यात, बघू तर खरं."

खोकल्याच्या औषधाबरोबर मापाचं छोटं झाकण येतं, ते त्याने भरलं आणि नाकापाशी नेलं. पहिल्यांदा त्याला हसूच आलं. हा तर दुकानाचाच वास! टिंक्चर आयोडिन, नव्या बँडेजचा रोल, बाहेर कुठेतरी ओल्या दोरखंडाला लागलेली आग. असल्या वासासाठी लोक विमानाने जातात? त्याने झाकण तोंडात रिकामं केलं.

मग तो स्टुलावर बसला.

धूर आधी आला आणि जिभेवर पाय पसरून बसला. थोड्या वेळाने त्याच्या मागून, दार लोटून कुणी आत यावं तसा गोडवा आला: सुकं अंजीर, जुनं लाकूड, आणि आई गेल्यावर तिचं कपाट उघडलं तेव्हा आलेला तो वास. थोरल्याचे डोळे पाणावले. दारू चांगली होती याचा त्याला भयंकर राग आला. वाईट असती तर किती बरं झालं असतं! हे सुख साडू चार वर्षं, दर महिन्याला, असं मजेत भोगतो आहे? त्याने दुसरं झाकण भरलं.

तेवढ्यात शटरवर छत्रीची टकटक झाली. "आहात का हो?"

समोरच्या शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. थोरल्याची तारांबळ उडाली. त्याने दुसरं झाकण घशात ओतलं, बूच बाटलीवर टेकवलं, आणि बाई वाकून आत यायच्या आत बाटली काउंटरखालच्या कापसाच्या खोक्यात लोटून दिली. आडवी.

बाईंना रक्तदाबाच्या गोळ्या हव्या होत्या आणि गप्पाही. शाळेचं छप्पर, नवा शिपाई, गुडघे. पंधरा मिनिटांनी त्यांनी नाक वर करून हवा हुंगली. "आज वास कसला येतोय?"

"नवं जंतुनाशक आहे," थोरला म्हणाला.

"स्वच्छ वाटतं अगदी. मलाही एक बाटली द्या ना."

"संपलं," तो म्हणाला. आणि म्हणता म्हणता त्याने खाली पाहिलं तर ते खरंच संपलं होतं. बूच निघालं होतं. कापसाच्या बारा रोलनी मिळून वीस वर्षांची पुण्याई पिऊन टाकली होती, आणि फुगून, तपकिरी होऊन ते खोक्यात झिंगल्यासारखे पडले होते. बाई गेल्यावर त्याने एक रोल पिळून पाहिला. जे निघालं त्यात तंतू तरंगत होते. बाटलीत उरली होती चमचाभर.

ज्याचं जळतं त्यालाच कळतं म्हणतात. आता थोरल्यापुढे दोनच वाटा होत्या. खरं सांगायचं, म्हणजे आप्पांच्या पंचाहत्तरीला, सगळ्यांदेखत, "साडूची दारू मी चोरून प्यायलो आणि उरलेली कापसाला पाजली" असं म्हणायचं. किंवा काहीतरी करायचं. पहिल्या वाटेच्या नुसत्या विचारानेच त्याला घाम फुटला. शेवटी तो औषधवाला होता. मिश्रणं करण्यात त्याची हयात गेली होती.

कोपऱ्यावरच्या दुकानातून त्याने साधी व्हिस्की आणली. ती कोमट करून त्यात मूठभर मनुका दोन तास भिजत घातल्या. रंगही आला आणि गोडीही. एका फुटक्या पेटीची फळी जाळून तिचा धूर मोठ्या बरणीत कोंडला, त्यात व्हिस्की ओतून झाकण लावलं आणि बरणी बराच वेळ घुसळत राहिला. मीठ चिमटीने नव्हे, तराजूवर तोलून घातलं. आयोडिनच्या बाटलीकडे त्याने एकदा मोहाने पाहिलं, पण कितीही झालं तरी आप्पा सासरे होते. तीनदा गाळून, चमचाभर खरी तिच्यात मिसळून त्याने चव घेतली. अंजीर नव्हतं, आईचं कपाट तर नव्हतंच. तरी अगदीच टाकाऊही नव्हती. बाटली भरून त्याने रांगेत ठेवली. उभी.

रविवारी दुपारी आप्पांच्या बैठकीत सगळे जमले. धाकट्याने गोल पोटाचे, अरुंद तोंडाचे ग्लास मांडले आणि प्रत्येकात बोटभर ओतली. थोरला कोपऱ्यातल्या खुर्चीवर फाशीची वाट बघत बसला होता.

"आधी रंग बघा," धाकटा म्हणाला. "आता नाक आत घाला, पण तोंड किंचित उघडं ठेवा. घाई नाही."

सासूबाईंनी लांबूनच वास घेतला आणि उठल्या. "गॅसवर दूध ठेवलंय का गं कुणी? करपलंय."

"आई, तो पीटचा धूर आहे," धाकटा हसला. "दलदलीतली माती वाळवून जाळतात आणि तिच्यावर धान्य सुकवतात." मग त्याने स्वतःचा ग्लास उचलला. थोरल्याने डोळे मिटले.

"अहाहा!" धाकटा म्हणाला. "काय सांगू आप्पा! किनाऱ्यावरची शेकोटी. मागून अंजीर. अगदी शेवटी जुन्या लाकडाची ऊब. वीस वर्षांशिवाय हे येत नाही."

आप्पांनी चष्मा काढला. "वा! काय जीभ आहे! ऐकताय ना, थोरले? याला म्हणतात रसिकता."

थोरल्याचा जीव भांड्यात पडला, पण जेमतेम घटकाभर. मग त्याला वेगळाच जाळ लागला. शेकोटी त्याने पेटवली होती. मीठ त्याने तोललं होतं. कष्ट आपले आणि वाहवा त्याची! बायकोसुद्धा बहिणीच्या नवऱ्याकडे कौतुकाने बघत होती. माणूस पकडला जाण्याची भीती सोसू शकतो, पण आपलं कौतुक दुसऱ्याच्या ताटात वाढलेलं त्याला बघवत नाही.

"अंजीर नाही," थोरला एकदम म्हणाला. "मनुका आहेत."

सगळे त्याच्याकडे बघायला लागले. धाकट्याचा चेहरा पांढराफटक पडला. "साडूभाऊ," तो ग्लास खाली ठेवत म्हणाला, "जरा आत येता? बर्फाचं बघू."

"यात बर्फ घालतात?" आप्पांनी विचारलं, तोवर दोघं स्वयंपाकघरात पोचले होते.

संपलं सगळं, असं थोरल्याला वाटलं. पण धाकट्याने दार लोटलं आणि खालच्या आवाजात विचारलं, "तुम्हाला खरंच मनुका लागल्या?"

"का? तुम्हाला नाही?"

"मला काहीच लागत नाही हो." त्याने ओट्याला टेकून नाक चोळलं. "दीड वर्षापूर्वी तो ताप आला होता ना? त्यात वास गेला, तो गेलाच. चवही तशीच, नुसती तिखट आणि कडू कळते. खोक्यावर छापलेलं असतं ते मी पाठ करतो. या खेपेला अंजीर लिहिलं होतं."

"आणि बायकोला?"

"तिला कसं सांगू? रोज तिच्या स्वयंपाकाची तारीफ करतो मी. दीड वर्षाची तारीफ खोटी ठरेल. तुमच्या दुकानात आलो की मला तुमचा हेवा वाटतो. ते सगळे वास! मला आता पुसटसेही येत नाहीत. तिथे उभा राहिलो की वाटतं, हा माणूस दिवसभर यात बसतो आणि याला त्याचं काहीच नाही."

आपला हेवा कुणाला वाटू शकतो, हे थोरल्याच्या आजवर स्वप्नातही आलं नव्हतं. तो इतका गोंधळला की खरं बोलून गेला. झाकणं, मुख्याध्यापिका, कापूस, बरणी, मनुका, सगळं. धाकटा आ वासून ऐकत राहिला आणि मग तोंडावर पंचा दाबून इतका हसला, की ओट्यावरची भांडी वाजली.

"म्हणजे खरी फक्त तुम्हीच चाखलीत?" डोळे पुसत त्याने विचारलं.

"दोन झाकणं."

"मग सांगा ना कशी होती. खोक्यावरचं नको, तुमचं सांगा."

थोरल्याने सांगितलं. बँडेजचा रोल, ओला दोरखंड, मागून दार लोटून आलेलं अंजीर. कपाटाचंही सांगितलं, जे त्याने बायकोलाही सांगितलं नव्हतं. धाकटा डोळे मिटून उभा होता. मधेच म्हणाला, "थांबा. ते कपाट पुन्हा सांगा." थोरल्याने पुन्हा सांगितलं.

"चला," शेवटी धाकटा म्हणाला. "हे सगळ्यांना कळलं पाहिजे. माझं नाकाचं तेवढं पोटात ठेवा."

"मुळीच बाहेर काढणार नाही," थोरल्याने शब्द दिला.

धाकटा बैठकीत मधोमध उभा राहिला. "आप्पा, ऐका. ही माझी बाटली नाहीच. माझी सांडली. ही व्हिस्की साडूभाऊंनी काल दुकानात स्वतः तयार केली. चव, नाक, कसब, सगळं त्यांचं. मी यांच्यापुढे कुणीच नाही."

थोरल्याने मान ताठ केली. बावीस वर्षांत पहिल्यांदाच आप्पांनी त्याच्यासाठी चष्मा काढला होता. पण डोळे पुसून आप्पा उठले, ते धाकट्याकडे गेले.

"पाहिलंत?" आप्पांचा आवाज भरून आला. "एवढी मोलाची बाटली, आणि साडूला कमीपणा वाटू नये म्हणून श्रेय त्याला देऊन मोकळा झाला. असं मन असावं माणसाचं!"

"अहो आप्पा, खरंच मीच केली!" थोरला ओरडला. "फळी जाळली, मनुका भिजवल्या..."

"बसा, जावईबापू, बसा," आप्पा मायेने म्हणाले. "सवय नसली की चढते."

"भावजींकडून काहीतरी शिका," बायको कानाशी कुजबुजली.

एका वाक्यात साडूचं पितळ उघडं पाडता आलं असतं. ते वाक्य थोरल्याच्या जिभेच्या टोकावर आलं, तिथे घुटमळलं, आणि दिलेल्या शब्दापायी त्याने ते गिळलं. आयुष्यात त्याने इतकं जळजळीत काही गिळलं नव्हतं. धाकट्याने मात्र हात जोडले, मान खाली घातली, आणि "नाही हो आप्पा, मी त्या लायकीचा नाही," असं इतक्या मनापासून म्हणाला, की सासूबाईंनी पदराने डोळे टिपले आणि आप्पांनी त्याला पुन्हा एकदा पोटाशी धरलं.