पाणी की पू?

खानझोडे काका कुणालाच ‘कसं काय’ विचारत नाहीत. सरळ खालची पापणी ओढतात आणि म्हणतात, “पाणी की पू?” समोरचा चहात बिस्कीट बुडवत असला तरी!

मी सांगलीची. मोहालीत पहिली नोकरी लागली आणि चंडीगडमध्ये यांच्या वरच्या खोलीत भाड्याने राहायला आले. काका नागपूरचे. केंद्र सरकारच्या नोकरीत बदल्या झेलत इथे पोचले, निवृत्तीनंतर इथेच राहिले. डॉक्टर वगैरे अजिबात नाहीत हं!

यंदा पावसाळ्यात डोळ्यांची साथ आली. गल्लीत जो तो काळा गॉगल लावून. समोरचे सरदारजी फाटकाशी आले.

“अंकलजी, कोई अँटिबायोटिक ड्रॉप पडी है?”

“पानी या पीप?”

“पानी जी.”

“फिर घर जाओ. तौलिया अलग, हाथ धोओ, ठंडी पट्टी. वायरस है, अपने आप जाएगा. मच्छर के लिए दरवाजे को ताला लगाते हो क्या?”

सरदारजी बिचारे ‘अच्छा जी’ करत गेले. कुणाला पू येत असेल, सकाळी पापण्या चिकटत असतील, तर काका त्याला डॉक्टरकडे पिटाळायचे. “ड्रॉप डॉक्टर देईल. शेजारी नाही.”

मग माझा डावा डोळा लाल झाला. म्हटलं, घ्या, आपलाही नंबर लागला! नवी नोकरी, रजा कुठून मिळणार? केमिस्टकडून ड्रॉप आणायला निघाले तर काका जिन्यात आडवे आले.

“पाणी की पू?”

“पाणीच. पण काका, दुखतंय खूप.”

“लेन्स घालते ना तू? उजेडाकडे पाह्य बरं.”

नाही पाहता आलं. धुरकट दिसत होतं ते वेगळंच. काका तसेच, बनियनवरच, मला घेऊन कॅबमध्ये बसले!

डॉक्टर म्हणाले, बुबुळावर जखम झालीय, जंतूंची. अजून उशीर केला असता तर नजर गेली असती. अँटिबायोटिक ड्रॉप, दर तासाला.

“आता लावायचं का ताला?” मी उगाच चिडवलं.

“हा मच्छर नाही पोरी. चोर आहे.” हसले नाहीत.

घरी आल्यावर काकांनी बाटली बायकोच्या, मंदाकाकूंच्या, हातात दिली आणि खोलीबाहेर जाऊन दार लोटून घेतलं. मी चाटच पडले!

“ते नाही टाकत कोणाच्या डोळ्यात,” काकू म्हणाल्या. “आमची बदली इथे झाली ना, सामान अजून बांधलेलंच होतं, नि माझा डोळा लाल झाला. नव्या गावात कोण डॉक्टर ओळखीचा? औषधाच्या डब्यात मागच्या गावची ड्रॉप उरली होती. तीच टाकली यांनी. दिवसातून चारदा, घड्याळ लावून. एकही वेळ चुकवली नाही बघ.”

त्यांनी नेहमीचा गडद चष्मा काढला.

“त्यात स्टेरॉइड होतं. त्याने लाली उतरली, पण आतली जंतूंची जखम वाढतच गेली.”

त्यांचा उजवा डोळा पांढरा होता. मी पहिल्यांदा पाहिला.

एका डोळ्याने अंतराचा अंदाज येत नाही. पहिला थेंब माझ्या गालावर पडला.

दाराबाहेरून आवाज आला, “पडला का आत?”

काकूंनी माझी पापणी धरली, अगदी जवळ आल्या. दुसरा थेंब आत गेला.

“पडला हो. बसा आता तुम्ही.”

खुर्ची ओढल्याचा आवाज आला नाही. पुढच्या थेंबाची वेळ होईपर्यंत काका दाराबाहेर उभेच होते.