कृपया जाळू नये

एवारिस्तोशेठनी आपल्या दुकानातले छपराचे दोनशे पत्रे द्यायचं कबूल केलं होतं, पण अट एकच होती: त्यांचा पुतळा व्हायला हवा. दगडाचा नको, कागदाचा चालेल. फक्त मिशा नीट आल्या पाहिजेत आणि अनावरण भर गल्लीत, चार लोकांसमोर झालं पाहिजे.

एर्मेलिंदा हो म्हणाली. गेल्या महिन्यात उत्तरेच्या वादळाने वेराक्रूसच्या किनाऱ्यावरच्या तिच्या माहेरगावची छपरं उडवून नेली होती. बहीण दोन लेकरांना घेऊन ताडपत्रीखाली राहत होती आणि मदतीचा ट्रक रविवारी सकाळी सुटणार होता. त्यामुळे गल्लीतल्या कागदकाम करणाऱ्या कारागिरांच्या वस्तूंचा मदतीसाठीचा लिलाव आणि शेठचं अनावरण, दोन्ही शनिवारी ठेवणं भाग होतं.

तो शनिवार ईस्टरच्या आदल्या दिवशीचा होता, हे ती विसरली नव्हती. त्या दिवशी बाराच्या घंटेला ही गल्ली येशूला दगा देणाऱ्या जुदासचा कागदी पुतळा, दरवर्षी कुणातरी नावडत्या माणसाच्या तोंडवळ्याचा, दोरीला टांगते आणि फटाक्यांनी उडवते. पुतळे बनवणार कूकोकाका आणि दारू बांधणार चोन, हे चाळीस वर्षं ठरलेलं.

"कूकोकाका, हा पुतळा त्यातला नाही म्हणून चोनदादांना सांगाल ना?" तिने तीनदा विचारलं.

"सांगायचं कशाला? चिठ्ठीच लावतो."

आणि त्यांनी खरोखरच पुतळ्याच्या पाठीवर ठळक अक्षरांत चिठ्ठी डकवली: 'हे सद्गृहस्थ आहेत. कृपया जाळू नये.'

शनिवारी साडेअकरापर्यंत लिलावात एक कागदी घोडासुद्धा खपला नव्हता. वैतागून एर्मेलिंदाने मान वर केली, तर दोन गच्च्यांमध्ये ताणलेल्या दोरीवर एवारिस्तोशेठ लोंबकळत होते. गळ्यात फटाक्यांची माळ, काखेत बाण, मिशीच्या दोन्ही टोकांना एकेक सुतळी बॉम्ब.

"चोनदादा! चिठ्ठी वाचली नाहीत?"

"वाचली की! पोट धरधरून हसलो. दरवर्षी पाठीवर काहीतरी टोमणा असतोच, पण सद्गृहस्थ! काकांनी यंदा कमाल केली."

"अहो, तो टोमणा नव्हता! उतरवा आधी."

"दारू बांधलेला माणूस खाली घेत नसतात, बाई. हातात फुटतो."

"काका कुठायत?"

"झोपलेत. तीन दिवस मिशाच चिकटवत होते."

तोवर गर्दीतून कोणीतरी ओरडलं, "अरे, हा तर पत्रेवाला!" आणि गल्लीत आनंदाची लाट उसळली. वादळानंतर चारच दिवसांत शेठनी पत्र्याचा भाव दीडपट केला होता, ते कोणी विसरलं नव्हतं.

नेमके तेव्हाच शेठ नवी टोपी घालून, पत्नी फिलोमेनाबाईंसह अवतरले. त्यांची नजर हळूहळू वर गेली.

"हे काय आहे?"

"अनावरण, शेठ," एर्मेलिंदा म्हणाली. "जरा उंचावर झालंय."

"मिशा हुबेहूब आल्यात हं," फिलोमेनाबाई म्हणाल्या.

"पत्रे विसरा!" शेठ गरजले. "एक पत्रा मिळणार नाही!"

एर्मेलिंदाच्या डोळ्यांपुढे ताडपत्री फडफडली. इतक्यात पाववाली रोसेंदा पुढे घुसली. "वात मी पेटवणार! एका पत्र्याचे पैसे देते!"

"तीन पत्र्यांचे!" न्हावी ओरडला.

"दहा! मला खिळेसुद्धा दुपटीने विकलेत यांनी!"

सकाळपासून नुसता पडून असलेला लिलावाचा हातोडा एर्मेलिंदाने उचलला. "दहा पत्रे एक वार, दहा पत्रे दोन वार..."

"पन्नास!" शेठ किंचाळले. "आणि मी कोणाला पेटवू देणार नाही! मी असाच टांगलेला राहणार!"

गल्लीने वर्गणी काढली. साठ झाले. शेठ शंभरावर गेले. न्हाव्याने भावाला फोन लावला. दीडशे, दोनशे, अडीचशे. शेवटी शेठनी घाम पुसत तीनशे म्हटलं आणि गल्लीचा दम संपला.

"तीनशे पत्रे एक वार. तीनशे पत्रे दोन वार..."

"तीनशे दहा," फिलोमेनाबाई शांतपणे म्हणाल्या.

"फिलोमेना! पत्रे कोणाचे जाणार?"

"दुकान कोणाच्या बापाचं आहे?"

उत्तर सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. शेठनाही. एर्मेलिंदाने हातोडा आपटला, घंटा वाजू लागली आणि बाईंनी पदर सावरावा तशी शाल सावरून वात पेटवली. आधी डावी मिशी गेली, मग उजवी. मग सद्गृहस्थ.

संध्याकाळी ट्रकवर तीनशे दहावा पत्रा चढला, तेव्हा शेठ दुकानाच्या पायरीवर बसले होते. एर्मेलिंदा भीत भीत आभार मानायला गेली.

"गेल्या वर्षी कोणाला उडवलं होतं?" शेठनी विचारलं.

"महापौरांना."

"गर्दी किती होती?"

"आजच्या निम्मीसुद्धा नव्हती, शेठ."

शेठनी टोपी सरळ केली.

"नाक जरा मोठं झालं होतं," ते म्हणाले. "कूकोला आत्तापासूनच सांगून ठेवा."