हालचाल नोंदवली गेली

प्रत्येक इमारतीला स्वतःची एक प्रकृती असते, आणि ती बिघडण्याचं मुख्य कारण म्हणजे आत राहणारी माणसं. माणसं दारं उघडी टाकतात, घाम गाळतात, नळ सोडतात आणि श्वास घेतात. त्यातून इमारत रुग्णालयाची असेल तर विचारायलाच नको. तिथे येणारा माणूस मुळात आजारी असतो, त्यामुळे इमारतीच्या तब्येतीकडे लक्ष द्यावं हे त्याच्या डोक्यातही येत नाही.

ही उणीव भरून काढण्यासाठी आमच्या रुग्णालयात हरित समिती स्थापन झाली. मी तिचा सचिव. (सचिव म्हणजे सभेत शेवटी बसणारा आणि सभेनंतर सगळ्यात शेवटी घरी जाणारा.) अधीक्षक अध्यक्ष होते. बाहेरून आलेले एक सल्लागार होते. त्यांना इमारतींबद्दल इतकी कळकळ होती की ते भिंतीवरून हात फिरवून बोलत. वॉर्डातल्या कुणालाही समितीत घेतलं नव्हतं. त्यांना कामं असतात.

पहिला प्रयोग पुरुषांच्या हाडांच्या वॉर्डात करायचं ठरलं. कारण सरळ होतं : तिथले रुग्ण पळून जाऊ शकत नाहीत.

तिथल्या अकरा नंबरच्या खाटेवर माझे सख्खे मामा होते. मामा शिंपी. चव्वेचाळीस वर्षं पायाने मशीन चालवली आणि निवृत्तीनंतर तिसऱ्या महिन्यात त्याच पायाचं मांडीचं हाड न्हाणीघरात मोडून घेतलं. डॉक्टरांनी पाय वर टांगून त्याला वजन बांधलं आणि सांगितलं, "सहा आठवडे हा पाय हलता कामा नये." मामा आज्ञाधारक. ते खांद्यापासून खाली पुतळ्यासारखे पडून राहत.

त्याच आठवड्यात आम्ही वॉर्डात तीन सुधारणा केल्या. एक, खिडक्यांना काळी फिल्म लावली, म्हणजे ऊन आत येऊन थंड हवेच्या यंत्रांवर भार पडणार नाही. दोन, त्याच खिडक्या सिलिकॉनने कायमच्या बंद केल्या, म्हणजे थंड हवा बाहेर जाणार नाही. फिल्ममुळे भर दुपारी अंधार झाला, म्हणून तीन, छताला सेन्सर लावलेले दिवे बसवले. खाली हालचाल असेल तर दिवा चालू, चार मिनिटं हालचाल नसेल तर दिवा बंद. सल्लागार म्हणाले, "जिथे माणूस नाही तिथे उजेड कशाला?" ह्या वाक्यावर समितीने टाळ्या वाजवल्या. (सभागृहात नमुना म्हणून बसवलेले तसले दिवे त्यामुळे चालू राहिले.)

हाडांच्या वॉर्डात सतरा रुग्ण होते. त्यांपैकी चौदांना हलायला सक्त मनाई होती. यंत्रणेने पहिल्याच दिवशी वॉर्ड रिकामा असल्याचा निष्कर्ष काढला.

मामीने मला जिन्यात गाठलं.

"अरे, डॉक्टर सांगतात हलू नका. दिवा सांगतो हला. तुझ्या मामांनी ऐकायचं तरी कुणाचं?"

"मामी, ते दोन वेगवेगळे विभाग आहेत," मी समजावलं.

"आणि तू कुठल्या विभागात?"

मी सचिव असल्याचं तिला माहीत होतं. तिला ते पुन्हा ऐकायचं नसावं.

मामीने स्वतःच तोडगा काढला. ती खाटेशी स्टूल टाकून बसायची आणि दर चार मिनिटांनी उठून दोन्ही हात डोक्यावर हलवायची. दिवा लागायचा. पलीकडच्या बारा नंबरच्या खाटेवर एक निवृत्त पोस्टमन होते. ते जाडजूड चष्म्यातून बघून दर वेळी तिला उलट हात हलवायचे. त्यांना वाटे, ही बाई फारच मनमिळाऊ आहे. हळूहळू सगळ्याच खाटांशेजारी कुणाची आई, कुणाची बायको, कुणाचा जावई उठून हात हलवू लागले. बाहेरून पाहणाऱ्याला वाटावं, बोट सुटतेय आणि मंडळी निरोप द्यायला आली आहेत.

वॉर्डाच्या मोठ्या सिस्टरांनी समितीला लेखी कळवलं की ड्रेसिंग करताना त्या जखमेवर लक्ष देऊन स्थिर उभ्या राहिल्या की अंधार होतो. शिवाय बोलवण्याच्या बेलही दिव्यांच्याच तारेवर जोडल्या गेल्यात, दिवे गेले की बेलही जाते. समितीने दखल घेतली. ठराव असा : "कर्मचाऱ्यांनी ड्रेसिंगच्या वेळी अधूनमधून पाय आपटावेत. तथापि रुग्णाचा पाय आपटू नये."

तेवढ्यात सल्लागारांनी मोजून दाखवलं की बसलेला माणूस शंभर वॅटच्या बल्बइतकी उष्णता बाहेर टाकतो. सतरा नातेवाईक म्हणजे सतरा बल्ब, तेही न बंद होणारे. नातेवाइकांना संध्याकाळी चार ते सहा एवढीच परवानगी द्यायची असं ठरलं. ठराव मी लिहिला. मामीला तो दारावर चिकटवलेला दिसला. तिने शेवटी माझी सही वाचली, पिशवी उचलली आणि गेली.

त्यानंतरच्या मंगळवारची गोष्ट. दुपारचे तीन वाजले होते. पोस्टमनांचं सकाळीच गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि ते गुंगीत उताणे पडले होते. जेवणं झालेली, वॉर्ड पेंगलेला. चार मिनिटं झाली आणि दिवे गेले. काळोख.

मामांना झोप नव्हती. त्यांना शेजारून आवाज आला, घशात पाणी अडकल्यासारखा. मग खरखर. मग काहीच नाही. पोस्टमनांना उलटी झाली होती आणि ती घशात गेली होती. मामांना दिसत काहीच नव्हतं, पण माणसाचा श्वास थांबला की शेजारच्याला कळतं. त्यांनी बेल दाबली. बेल मेलेली. हाका मारल्या. दार थंड हवेसाठी घट्ट लावलेलं. त्यांनी दोन्ही हात हवेत जोरजोरात हलवले. सेन्सरने दाद दिली नाही. (झोपेत कूस बदलणाऱ्यांमुळे उगाच दिवे लागतात म्हणून आम्ही त्याची संवेदनशीलता कमी केली होती. हा ठरावही माझ्याच अक्षरात आहे.)

तेव्हा मामांनी टांगलेला पाय दोन्ही हातांनी धरला आणि सगळं अंग एका बाजूला झोकून दिलं. दोरी सुटली, सात किलोचं वजन दणकन फरशीवर आदळलं, मामा अर्धे खाटेबाहेर आले. दिवे लख्ख लागले. आवाज ऐकून मोठ्या सिस्टर धावत आल्या. त्यांनी मामांकडे एकदाच पाहिलं. मामांनी बोटाने शेजारी दाखवलं. सिस्टरांनी पोस्टमनांना कुशीवर वळवलं, घशात बोटं घालून तो मोकळा केला, पाठीवर थापा मारल्या. पोस्टमन खोकले. वॉर्डात त्या खोकल्याइतकं गोड कुणी कधी काही ऐकलं नव्हतं, असं मला नंतर तीन जणांनी सांगितलं. मी सभेत होतो.

मामांचं जुळत आलेलं हाड पुन्हा सरकलं. ऑपरेशन करावं लागलं. पाय दोन बोटं आखूड झाला.

चौकशी अहवाल लिहिण्याचं काम अर्थातच सचिवाकडे आलं. मी तीन दिवस लिहीत होतो. अंतिम मसुदा असा : "दुपारी तीन वाजून अकरा मिनिटांनी हालचाल नोंदवली गेली व दिवे एका सेकंदाच्या आत प्रज्वलित झाले. यंत्रणेच्या तत्परतेमुळे एका रुग्णाचे प्राण वाचले. अन्य एका रुग्णाने वैद्यकीय सूचनेचे उल्लंघन केल्याचे आढळले." अधीक्षकांनी माझी पाठ थोपटली.

मामांनी अहवाल मागवून वाचला. शिंप्याची नजर, टाका चुकला तर लगेच सापडतो.

"माझं नाव नाही रे यात."

"तुम्ही 'हालचाल' ह्या शब्दात आलात, मामा."

मामांनी अहवालाची नीट घडी घातली. मग म्हणाले, "चव्वेचाळीस वर्षांत एक विजार आखूड शिवली नाही मी. आता स्वतःच्याच विजारीला दोन मापं." ते हसले. मामी हसली नाही. तिने माझ्याशी बोलणंच सोडलं. निरोप द्यायचा असला तर माझ्यादेखत भिंतीला द्यायची.

मोठ्या सिस्टरांनी अहवाल वाचला नाही. त्यांनी ड्रेसिंगची कात्री घेतली, नऊ खिडक्यांचं सिलिकॉन कापलं, काळी फिल्म सोलून काढली आणि सगळी तावदानं उघडली. ऊन आलं, वारा आला. जुन्या चादरी ओल्या करून त्यांनी खिडक्यांवर टांगल्या. वॉर्डातली यंत्रं बंद केली आणि दिवेही. त्यांना कारणे दाखवा नोटीस गेली. उत्तर एका ओळीचं आलं : "माणसं दिसत नव्हती."

महिनाअखेर त्या वॉर्डाचा वीजवापर एकसष्ट टक्क्यांनी घटला. समितीने मीटर बदलला. नवीन मीटरनेही तेच दाखवलं. तोही बदलला. तिसऱ्या मीटरनंतर सल्लागार गंभीरपणे म्हणाले, "ही बचत ग्राह्य धरता येणार नाही. उपकरणाचं नाव, बसवल्याची तारीख आणि हमीपत्र हे तीन रकाने रिकामे आहेत." खिडकीला हमीपत्र नव्हतं. बचतीची नोंद 'निष्कारण' ह्या शीर्षकाखाली झाली, खिडक्या पुन्हा चिकटवल्या गेल्या आणि मोठ्या सिस्टरांची बदली तळघरातल्या धुलाई विभागात झाली. मी आदेश द्यायला गेलो तेव्हा त्यांनी तो वाचून माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "मामा कसे आहेत?" मला त्या दिवशी दुसरं काही काम सुचलं नाही.

मामांना घरी सोडलं त्या दिवशी पोस्टमन कुबडीवर दारापर्यंत आले. पोस्टमनांनी मामांची काठी धरली, मामांनी त्यांचा खांदा. मामी भिंतीला म्हणाली, "ह्याला सांगा, गाडी आणली असेल तर सावकाश चालव."

'सर्वोत्कृष्ट हरित रुग्णालय' ह्या स्पर्धेच्या अंतिम फेरीत आम्ही पोहोचलो. शेवटचा निकाल नागरिकांच्या मतांवर होता. आमच्या इमारतीचं सुंदर चित्र मोबाइलवर टाकलं होतं, शेजारी हिरवं पान. पान दाबलं की मत. त्याखालीच, नियमाप्रमाणे, चौकशी अहवाल, सिस्टरांच्या बदलीचा आदेश आणि 'हरकती व सूचना' असा चौकोन होता. आठ दिवसांत हरकती आल्या तीन : एक मामांची, एक पोस्टमनांची, आणि एक वाहनतळ कुठे आहे अशी. मतं आली दोन लाख अठरा हजार चारशे सहा. आम्ही जिंकलो.

आपण असलं कुठलं पान दाबलं नाही, असं तुम्ही आता म्हणाल. असेलही. पण मतदारांची यादी सचिवाकडे असते, आणि कोण किती वेळ त्या पानावर होतं हेही तीत येतं. खाली सरकवून वाचायला साधारण दोन मिनिटं लागतात. तुम्हाला चार सेकंद लागले.